घटस्फोटाला कोल्हापुरात खरंच किती खर्च येतो? माझ्या वहीतला हिशेब मांडते

सातवी गल्ली

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मुलीनं जेवणाच्या सुट्टीत मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, तुम्हाला सगळे मिळून किती लागले?" मी आकडा सांगितला आणि तिचं तोंड उतरलं. तिच्या मावशीच्या मुलीचं ३० हजारांत झालं होतं. तिच्याच गल्लीत एका घरात ४ लाख गेलेत आणि तारखा अजून संपलेल्या नाहीत. तिघींचं कोर्ट एकच, कोल्हापूरचं. मग एवढा फरक पडतो कशानं, हे तिला कुणी सांगेना. मलाही २०२१ मध्ये कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं लिहिते.

मी कर सल्लागारांकडं हिशेब लिहायचं काम करते. सवयीनं पहिल्या दिवसापासून वही ठेवली होती.

लग्न २०१७ चं, सासर पुण्याचं. जानेवारी २०२१ मध्ये मी माहेरी परत आले. जुलैमध्ये क्रूरतेच्या कारणावरून इथंच घटस्फोटाचा अर्ज टाकला. बायको जिथं राहते तिथं तिला अर्ज करता येतो, २००३ च्या दुरुस्तीनं ती सोय झालेली आहे. दोन महिन्यांत तिकडून पुण्यात नांदायला येण्याचा दावा लागला. मग मी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. म्हणजे माणसं दोन, संसार एक आणि केसेस तीन. सप्टेंबर २०२३ मध्ये मध्यस्थीत बसलो, तिथं जमलं, आणि अर्ज संमतीत बदलून घेतला. २०२४ च्या सुरुवातीला हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश, हातात आला.

आता वही. घटस्फोटाच्या अर्जाची वकील फी ४०,०००. हिंसाचाराच्या अर्जाची वेगळी २०,०००. पुण्यातल्या दाव्यासाठी पुण्याचे वकील ३०,०००. पुण्याच्या ७ खेपा, मी आणि बाबा, गाडीभाडं आणि खाणंपिणं धरून १०,५००. शेवटच्या काही खेपांना जरा कमी लागलं, कारण मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. संमतीचे कागद, अटी ठरवणं, त्याची फी २५,०००. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, नकला, फोटो यांचे ६,८००. आणि ३१ तारखांना बिनपगारी रजा, दिवसाचे ७०० धरून २१,७००. एकूण १,५४,०००.

या सगळ्यात कोर्ट फी किती? शून्य. महाराष्ट्र शासनानं १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनं घटस्फोट, पोटगी, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादात बायकांना कोर्ट फी माफ केलेली आहे. पुरुषांनासुद्धा नुसत्या घटस्फोटाच्या अर्जाला फी नाममात्रच असते.

३१ पैकी १७ तारखांना माझ्या कामात काहीही झालं नाही. न्यायाधीश साहेब रजेवर, समोरचे वकील दुसऱ्या कोर्टात, कैफियत म्हणजे लेखी उत्तर द्यायला मुदत, साक्षीदार नाही. वहीत मी त्या दिवसांपुढं नुसतं "पु. ता." लिहिलंय, पुढची तारीख. ते १७ वेळा लिहिलेलं बघितलं की अजून पोटात कालवतं.

संमतीनं झालेल्या शेवटच्या भागाला एकूण खर्चाचा सहावा हिस्सासुद्धा लागला नाही. बाकी सगळं भांडणाचं. आणि त्यातलं बरंचसं मला टाळता आलं असतं, जर माहिती असती तर. बाबांची पतसंस्थेतली ठेव मुदतीआधी मोडली, व्याज बुडालं, ते मी यात धरलेलंच नाही.

तुमचे आकडे आणि अनुभव लिहा. वकिलांचं किंवा सासरचं नाव कुणी घेऊ नका, आकडा आणि कारण एवढंच पुरे.


तपोवन

ताई, हिशेब वाचला. पण मला विचाराल तर घटस्फोटाकडं पैशाच्या नजरेनं बघावं असं वाटत नाही. जीव सुटला ना? मग दीड लाख गेले काय आणि अडीच गेले काय.


सातवी गल्ली

तपोवन, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण आमच्या घरात अडीच वर्षं कुणीच पैशाचा विषय काढला नाही, कारण सगळ्यांना असंच वाटत होतं. आईला वाटे विचारलं तर मला लागेल. बाबा न बोलता पैसे आणून देत. ठेव मोडली हे मला सहा महिन्यांनी कळलं. ज्या बाईच्या पाठीमागं ठेव नाही ती पैशाच्या भीतीनं अर्जच करत नाही, नाहीतर मध्येच थकून मिळेल त्यावर सही करते. म्हणून आकडे उघड्यावर यायला पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.


काळा कोट

मी कोल्हापुरात कौटुंबिक प्रकरणं चालवतो. ताईंनी वहीत जे मांडलंय तेच आम्ही रोज बघतो. थोडं आतलं सांगतो.

फी दोन पद्धतीनं घेतली जाते. एक ठोक, म्हणजे अर्ज लिहिण्यापासून निकालापर्यंत. दुसरी तारखेवर. संमतीच्या कामात ठोक फीच असते, कारण काम किती आहे हे आधी दिसतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. पहिला अर्ज, मग सहा महिने थांबायचं, मग दुसऱ्यांदा जबाब. ही सहा महिन्यांची अट माफ होऊ शकते असं सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सांगितलं. दीड वर्ष वेगळे राहिलेले असतील, दोघांना परत एकत्र आणायची मध्यस्थी फसलेली असेल, पोटगी आणि मुलांचं ठरलेलं असेल तर तसा अर्ज देता येतो. ताईंना लवकर हुकूमनामा मिळाला तो बहुधा त्यामुळंच.

एकतर्फी कारणावरून, म्हणजे क्रूरता, सोडून जाणं, व्यभिचार वगैरे कलम १३ खाली गेलात की काम कुठवर जाईल हे पहिल्या दिवशी कुठलाही प्रामाणिक वकील सांगू शकत नाही. समन्स बजावणी, कैफियत, अंतरिम पोटगीचा अर्ज, त्यावर म्हणणं, मुद्दे, सरतपासाचं प्रतिज्ञापत्र, उलटतपास, साक्षीदार, युक्तिवाद. एका उलटतपासाची तयारी करायला आम्हाला चार-पाच रात्री लागतात. पक्षकाराला फक्त उभं राहिलेलं अर्ध्या तासाचं काम दिसतं. स्वस्त फी सांगून तयारी न करता उभा राहणारा वकील शेवटी महागच पडतो, हेही लक्षात ठेवा.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. "पोटगीची रक्कम मिळाली की त्यातले दहा टक्के माझे" असं कुणी म्हणत असेल तर तिथून उठा. निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. आणि फी थकली म्हणून तुमची कागदपत्रं अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, सुप्रीम कोर्टानं २००० सालीच ते स्पष्ट केलंय.


सातवी गल्ली

वकीलसाहेब, दहा टक्क्यांचं मलाही एका ठिकाणी सांगितलं होतं, मी नाव घेत नाही. मला ती रीतच वाटली होती.


उद्यमनगर लेथ

पुरुषाची बाजू कुणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहितोय. माझं वर्कशॉप आहे, आकडे मलाही पाठ आहेत.

बायकोनं पोटगीचा अर्ज केला. माझे त्या वेळचे वकील म्हणाले, घाई करू नका, मुदत घेत राहू, ती कंटाळेल. मलाही ते बरं वाटलं. प्रत्येक वेळी मुदतीचा अर्ज द्यायचा आणि घरी यायचं. २६ महिने असे गेले. मग महिना ८,००० अंतरिम पोटगीचा आदेश झाला, तो अर्जाच्या तारखेपासून. म्हणजे एकदम २ लाख ८ हजार भरायचे. पतसंस्थेचं कर्ज काढलं, १३ टक्क्यांनी. ज्या मुदती मी पैसे देऊन विकत घेत होतो त्याच माझ्या अंगावर आल्या.

पहिल्याच महिन्यात बसून ६,००० कबूल केले असते तर ती तयार होती, हे मला नंतर कळलं. भावांनो, तारीख पुढं गेली म्हणून खूश होऊ नका.


काळा कोट

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर पोटगी अर्जाच्या तारखेपासून देणं हाच नियम झालाय. त्याच निकालानं दोघांनाही मिळकत, खर्च, कर्ज, मालमत्ता यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पूर्वी नवऱ्याचं उत्पन्न सिद्ध करण्यातच वर्ष जायचं. आता ते प्रतिज्ञापत्र नीट भरलं तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात. खोटं भरलं तर पुढं अंगाशी येतं.

आणि दोन कायद्यांखाली दोन आदेश झाले असतील तर पहिल्यातली रक्कम दुसऱ्यात वळती करून घेता येते. पण पहिला आदेश दुसऱ्या कोर्टाला आपण दाखवला पाहिजे. फौजदारी प्रक्रियेतलं पोटगीचं जुनं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ झालंय, जुन्या लेखांत १२५ वाचून गोंधळू नका.


उद्यमनगर लेथ

आमच्यात दोन आदेश होते. वळती करायचं मला कुणी सांगितलं नाही. सात महिने दोन्ही भरले.


गडहिंग्लजकर

मी मुलीचा बाप आहे. आमच्याकडं अजून चार माणसं बसवून, स्टँप पेपर आणून, दोघांच्या सह्या घेऊन सोडचिठ्ठी करतात. माझ्या थोरल्या मुलीची २०१६ साली तशीच केली. नोटरीचा शिक्का मारला, पंचांच्या सह्या झाल्या, जेवणं झाली. सगळा खर्च ४,००० च्या आत. मला वाटलं, कोर्टाची पायरी न चढता पोरगी मोकळी झाली.

२०२० ला तिचं दुसरं लग्न ठरलं. मुलाकडचा एकजण शिकलेला, त्यानं विचारलं, हुकूमनामा कुठाय? आम्ही स्टँप पेपर दाखवला. लग्न तिथंच मोडलं. मग तालुक्याच्या वकिलांकडं गेलो तेव्हा कळलं की पोरगी कायद्यानं अजून पहिल्याचीच बायको आहे. तोवर त्या माणसानं दुसरी बायको केलेली, त्याला एक पोर. तो आता सहीला यायला तयार नाही, त्याला भीती की दुसऱ्या लग्नावरनं आपल्यावर केस होईल. शेवटी एकतर्फी चालवावं लागलं, वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागली. ९० हजार गेले. चार हजाराचं काम नव्वदात पडलं, ते एकवेळ सोडा. पोरीची वयाची चार वर्षं कुठून आणू?


काळा कोट

काका, वाचून वाईट वाटलं. हे प्रकार आजही येतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीनं होणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे, पण आपल्या समाजात ती रूढी पूर्वापार, अखंड आहे हे पुराव्यानं शाबित करावं लागतं, आणि ते बहुतेकांना जमत नाही. पाचशेच्या स्टँपवर केलेल्या नोटरीच्या कागदानं हिंदू लग्न मोडत नाही. जैन, बौद्ध, शीख यांनाही हाच कायदा लागू आहे, आपल्या जिल्ह्यात जैन समाज मोठा म्हणून मुद्दाम सांगतो.

ज्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ सालीच काडीमोडाचा कायदा करून ठेवला, त्या मातीत शंभर वर्षांनी लोक पंचांच्या कागदावर विसंबतात, याचं फार वाईट वाटतं.


शिरोलीची ताई

मी एमआयडीसीत पॅकिंगला आहे. मला वाटलं होतं वकील म्हणजे आपल्या आवाक्यातलं नाही. तीन वर्षं त्या भीतीनंच मार खाल्ला. मग अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं की कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बाईला फुकट वकील मिळतो, पगार किती ते बघत नाहीत. एक दिवस रजा टाकून गेले. साधा अर्ज, आधार कार्ड, लग्नपत्रिका, एक फोटो. महिन्याभरात वकील मॅडम मिळाल्या.

माझे सगळे मिळून गेले १,९०० रुपये. झेरॉक्स आणि बस. हिंसाचाराच्या केसमध्ये आदेशाची नक्कलसुद्धा फुकट मिळते. मॅडमनी मला प्रत्येक कागद वाचून दाखवला, मग सही घेतली. फुकटचा वकील लक्ष देत नाही असं लोक बोलतात, माझा अनुभव तसा नाही.

सातवी गल्ली ताई, तुम्ही पण गेला असता तर तुमच्या बाबांची ठेव राहिली असती की हो.


सातवी गल्ली

खरं आहे ताई. मला माहीतच नव्हतं. मी नोकरी करते म्हणजे मला मिळणार नाही असं मी धरून चालले. बाईला उत्पन्नाची अटच नाही हे मला तुमच्यासारख्या कुणी २०२१ मध्ये सांगायला हवं होतं.

आणखी एक चूक सांगते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली पोटगीबरोबर दाव्याचा खर्चही मागता येतो. मी तो अर्जच केला नाही, स्वाभिमान आडवा आला. "त्याचा एक रुपया नको" असं मी भर बैठकीत म्हणाले होते. तो रुपया शेवटी बाबांनी दिला.


उद्यमनगर लेथ

कलम २४ नवऱ्यालाही आहे, त्याचं उत्पन्न नसेल तर. कागदावर तरी आहे.


काळा कोट

आहे, बरोबर. हिंदू विवाह कायद्यात तो हक्क दोघांनाही आहे.


पंचगंगा घाट

मी पुण्यात आयटीत आहे, गाव कोल्हापूर. आमचं संमतीनं झालं, वकील फी ५०,००० ठोक, कोर्टात तीनदाच जावं लागलं. म्हणून मी सगळ्यांना सांगत होतो की संमतीनं करा, काही लागत नाही. आता दोन वर्षांनी सांगतो की खर्च हुकूमनाम्यानंतरही येतो.

फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर. अटींमध्ये लिहिलं की फ्लॅट तिचा, पुढचे हप्ते ती भरेल. कोर्टानं मान्य केलं. बँकेनं नाही. बँक काही त्या दाव्यात पक्षकार नव्हती. तिची नोकरी गेली, चार हप्ते थकले, फोन मला यायला लागले आणि माझा सिबिल पडला. आता माझं नाव कर्जातून काढायचं तर तिच्या एकटीच्या पगारावर बँक कर्ज द्यायला तयार पाहिजे. ज्यांचं सामायिक कर्ज आहे त्यांनी आधी बँकेत जाऊन बोला, मग अटी लिहा.

आणि नावावर करून द्यायचं कामही आम्ही उशिरा केलं. राहत्या घराचं नवरा-बायकोत बक्षीसपत्र केलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार. पण ती सवलत नवरा-बायकोला आहे. हुकूमनामा झाल्यावर आम्ही कुठं नवरा-बायको राहिलो? हे सहीच्या आधी विचारायला पाहिजे होतं.


कागलकर

सोन्याचं कुणी लिहिलं नाही अजून. माझ्या बहिणीच्या अटींमध्ये "स्त्रीधनापोटी रु. ३,२०,०००" असा आकडा घातला होता, २०१९ च्या भावानं. दोन हप्त्यांत द्यायचे होते, पैसे आले २०२२ ला. तोवर सोनं कुठल्या कुठं गेलेलं. तेवढ्या पैशात तिचा साज आणि पाटल्या परत झाल्या नाहीत, नुसत्या पाटल्या झाल्या. अटींमध्ये वजन लिहा. अमुक तोळे, अमुक ग्रॅम, अमुक दागिना. सोनाराच्या पावत्या आणि लग्नातले फोटो जपून ठेवा, अंगावर काय होतं ते फोटोत दिसतं.


सातवी गल्ली

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. वजनाचं सगळ्यांनी टिपून ठेवा.


तपोवन

मी वर लिहिलं त्याबद्दल थोडं बोलतो. मी माझ्या भाच्याचं प्रकरण डोळ्यासमोर ठेवून बोललो होतो, तिथं पैसा होता म्हणून तो दिसला नाही. काकांचं आणि शिरोलीच्या ताईंचं वाचून माझं मत बदललं. एक शंका आहे. भाच्याला कुणीतरी सांगितलंय की आता सुप्रीम कोर्टानं नियम काढलाय, संसार पूर्ण मोडला असेल तर समोरच्याची संमती नसली तरी लगेच घटस्फोट देतात. त्यासाठी दिल्लीच्या वकिलांची फी सांगितली आहे, आकडा ऐकून मी गप्प झालो.


काळा कोट

तपोवन, भाच्याला थांबवा. मे २०२३ मध्ये शिल्पा शैलेश प्रकरणात घटनापीठानं सांगितलं की संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली सुप्रीम कोर्ट संसार कायमचा मोडला म्हणून घटस्फोट देऊ शकतं. तो अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाचा, तोही त्यांच्या मर्जीनं वापरायचा. कुणी थेट तिथं अर्ज करून हक्क म्हणून मागू शकत नाही, हेही त्याच निकालात आहे. कौटुंबिक न्यायालयाला त्या कारणावरून घटस्फोट देता येत नाही. या एका बातमीवर लोकांचे किती पैसे गेलेत, मी बघितलंय.

अपिलाचंही सांगतो. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, खर्च तिथं थांबतो. झगडून घेतलेल्या निकालावर हायकोर्टात अपील होतं. आजवर त्याचा अर्थ मुंबई होता. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर जायचं, दिवसभर बसायचं, रात्री परत. वकील तिथले वेगळे. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं इथं चालतात. सावंतवाडीच्या किंवा चिपळूणच्या बाईला मुंबईची एक खेप वाचली तरी ते तिच्यासाठी मोठं आहे. आमच्या वकील मंडळींनी आणि लोकांनी यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, त्याचं चीज झालं.


सातवी गल्ली

माझ्या पुण्याच्या सात खेपा आठवल्या. तो दावा इथं वर्ग करून मागता आला असता ना?


काळा कोट

आला असता. तसा अर्ज हायकोर्टात करावा लागतो, आणि बायकोची गैरसोय कोर्टं बऱ्यापैकी ध्यानात घेतात. पण तेव्हा त्यासाठी मुंबईला वकील लावावा लागला असता. सात खेपा आणि तो खर्च यांचं गणित कदाचित सारखंच झालं असतं.


जोतिबाचा डोंगर

माझ्या मुलाच्या वेळची चूक लिहिते. २०१८ ला संमतीनं केलं तेव्हा तो पहिलीत होता. अटींमध्ये "दरमहा ४,०००" एवढंच लिहिलं. वाढीचा उल्लेख नाही. आता तो आठवीत आहे, शाळेची फी, रिक्षा, क्लास, सगळं दुप्पट-तिप्पट झालंय आणि येतात अजून ४,०००. वाढवून मागायला परत अर्ज, परत वकील, परत तारखा. तेव्हा दरवर्षी १० टक्के वाढ असं एक वाक्य घातलं असतं तर झालं असतं. सही करताना मला फक्त तिथून लवकर बाहेर पडायचं होतं.


न्यू महाद्वार

ताई, दादा, मी पहिल्यांदा लिहितोय. माझ्या धाकट्या बहिणीचं आहे. ती दीड वर्षापासून आमच्याकडं आहे, मूल नाही. उद्या वकिलांकडं जायचंय. फोनवर त्यांनी "साठ हजार आणि वरचा खर्च" असं सांगितलंय. वरचा खर्च म्हणजे काय हे विचारायला मला संकोच वाटतोय. बहीण म्हणते नवरा बोलायला तयार आहे, पण त्याचे आईवडील ऐकत नाहीत. आम्ही आधी पोलिसात तक्रार द्यावी, म्हणजे ते ताळ्यावर येतील, असं चुलते म्हणतात.


सातवी गल्ली

संकोच करू नका दादा. साठ हजारांत काय काय येतं ते कागदावर लिहून मागा. एकच अर्ज की पोटगीचा वेगळा, संमतीत बदललं तर फी कमी होणार का, तारखेला वेगळे पैसे आहेत का, टायपिंग-नकला कुणाच्या. हप्ते कधी द्यायचे. चांगला वकील याचा राग मानत नाही. मी दुसऱ्या वेळी विचारलं तेव्हा माझ्या वकिलांनी लेटरहेडवर लिहून दिलं. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या. आणि तारखेला निघायच्या आधी मोबाईलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये केसचा नंबर टाकून बघा, बहिणीच्या निदान काही रजा वाचतील.

बहिणीला उद्या सोबत न्या. तिच्या वतीनं तुम्ही आणि चुलते ठरवू नका, हे जरा स्पष्टच सांगते.


काळा कोट

मारहाण, छळ झाला असेल तर तक्रार जरूर द्या, तो तिचा हक्क आहे आणि त्यात पैशाचा विचार करू नका. पण नुसतं दाबायला म्हणून तक्रार देऊ नका. एक फौजदारी केस उभी राहिली की समोरून जामीन, उलट अर्ज, मग रद्द करून घ्यायला हायकोर्ट, अशी साखळी लागते आणि नवरा जो आज बोलायला तयार आहे तो उद्या बोलणार नाही. दीड वर्ष वेगळी राहते, मूल नाही, नवरा तयार आहे, म्हणजे संमतीला यापेक्षा सोपं प्रकरण नसतं. सहा महिने माफीचा अर्जही करता येईल. आधी एकदा मध्यस्थाकडं बसा.

ठरलेली रक्कम एकदम देऊ नका, एकदम मागूही नका. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणालाही संमती मागं घेता येते. म्हणून काही पहिल्या अर्जाच्या वेळी आणि उरलेली दुसऱ्या जबाबाच्या दिवशी, डिमांड ड्राफ्टनं, कोर्टासमोर, अशी पद्धत आहे.


शिरोलीची ताई

दादा, वकिलांकडं जायच्या आधी बहिणीला घेऊन विधी सेवा ऑफिसला पण एकदा जाऊन या. तिथं विचारायला पैसे लागत नाहीत. मी रविवारी मोकळी असते, तिला माझ्याशी बोलायचं असेल तर इथं निरोप ठेवा.


न्यू महाद्वार

आठवड्यानं लिहितोय. बहीण स्वतः आली होती आणि सगळं तिनंच विचारलं. "वरचा खर्च" विचारल्यावर वकिलांनी न रागावता कागद काढला. संमतीनं झालं तर ३५,००० ठोक, टायपिंग-नकलांसह. नाही झालं तर ६०,००० आणि पोटगीचा अर्ज त्यातच. लिहून सही करून दिलं. विधी सेवा ऑफिसलाही आम्ही जाऊन आलो. तिथला वकील घ्यायचा की हे, ते ती या दोन दिवसांत ठरवणार आहे. चुलते गप्प आहेत.

नवरा शनिवारी मध्यस्थाकडं बसायला येतो म्हणालाय, एकटा. सोन्याची यादी आईनं वजनासकट काढून ठेवली. बहिणीनं काल एक नवी वही आणली. पहिल्या पानावर तारीख, खाली रिक्षा ८०, झेरॉक्स ४६.